अनवाणी पायांसाठी फुटबॉल बनवून घ्यायचा आहे : कारखानदाराला रचना काय सांगावी?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी संध्याकाळी मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. साठेक मुले येतात आणि त्यांतली बहुतेक अनवाणी खेळतात. गेल्या वर्षी वर्गणी काढून एका दुकानातून दहा चेंडू आणले होते. घेर आणि वजन दोन्ही नियमात बसत होते, तरी जोरात किक मारली की मुलांच्या पावलाला झिणझिण्या येत. आठवडाभरात मुलांनी पायाच्या वरच्या भागाने मारणे सोडून दिले आणि सगळी जण आतल्या कडेने हलकेच ढकलू लागली. पावसाळा संपेपर्यंत सहा चेंडूंची शिवणही उसवली.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले आहेत. जालंधरच्या एका छोट्या कारखानदाराशी बोलणे झाले आणि चाळीस चेंडूंची मागणी असेल तर ब्लॅडर (आतला हवेचा फुगा), अस्तर, वरचे आवरण आणि तुकड्यांची संख्या आम्ही म्हणू तशी ठेवायला तो तयार आहे. अशी संधी पुन्हा येणार नाही, म्हणून हा धागा काढला.

किकसाठी चांगला चेंडू म्हणजे नेमका कोणता? लांब जाणारा, हवेत वळणारा, की मारणाऱ्याच्या पायाला न दुखवणारा? माझ्या मते आमच्या मुलांसाठी पाय आधी आणि बाकीचे नंतर. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

पाचनंबरी

मुलांची वये काय आहेत? पाचवी-सहावीच्या मुलांना पाच नंबरचा चेंडू देत असाल तर पहिली चूक तिथेच आहे. चार नंबरचा चेंडू साधारण 350 ते 390 ग्रॅमचा असतो आणि पाच नंबरचा 410 ते 450 ग्रॅमचा. अकरा वर्षांच्या पायाला हा फरक चांगलाच जाणवतो.

पंचगंगाकाठ

पाचवी ते दहावी. तुमचे म्हणणे मान्य आहे. निम्मे चेंडू चार नंबरचे घेऊ.

वायुमापक

पंचगंगाकाठ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. पाय आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात तेव्हा काय होते हा पहिला, आणि चेंडू सुटल्यावर हवेत काय होते हा दुसरा.

पाय आणि चेंडू यांचा संपर्क जेमतेम एक शतांश सेकंद टिकतो. तेवढ्यात चेंडू दबतो, पावलाभोवती थोडा बसतो आणि परत फुगताना सुटतो. चांगल्या किकमध्ये सुटणाऱ्या चेंडूचा वेग पावलाच्या वेगापेक्षा सुमारे एकपंचमांशाने जास्त असतो. चेंडू फार टणक असेल तर तो कमी दबतो, संपर्काचे क्षेत्र लहान राहते आणि तेवढाच जोर पावलाच्या छोट्याशा भागावर एकवटतो. बुटाच्या आत तो जोर पसरतो. अनवाणी पायाला मात्र पावलाच्या वरच्या बारीक हाडांवर तो थेट सोसावा लागतो, आणि तुमच्या मुलांच्या झिणझिण्या तिथल्याच आहेत. उलट चेंडू फार मऊ असेल तर दबण्यातच जोर खर्ची पडतो आणि चेंडू मेल्यासारखा निघतो. या दोहोंमधली जागा ब्लॅडर, अस्तर आणि हवेचा दाब ही तिन्ही मिळून ठरवतात. तुकड्यांच्या संख्येचा या भागाशी फारसा संबंध नाही, तिचा संबंध हवेतल्या प्रवासाशी आहे. त्याबद्दल नंतर लिहितो.

जुनागोली

हवेतल्या प्रवासाचा विषय निघालाच आहे, तर मी अठरा वर्षे गोलपोस्टमध्ये उभा राहिलो त्या बाजूने लिहितो. 2010 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकाचा जाबुलानी आठवा. आठच तुकडे, शिवण नाही, उष्णतेने जोडलेला आणि आजवरचा सर्वांत गोल चेंडू म्हणून आणलेला. तरीही स्पर्धा सुरू होण्याआधीपासून गोलरक्षक त्याच्याबद्दल उघड तक्रार करत होते, आणि ती खरी होती. समोरून सरळ येणारा चेंडू शेवटच्या काही मीटरांत आपोआप बाजूला सरकत असे. मारणाऱ्यालाही तो कुठे जाईल ते सांगता येत नसे, मग त्याला किकसाठी चांगला चेंडू कसे म्हणायचे? माझ्या मते मारणाऱ्याने मनात धरलेली रेषा पाळतो तोच चेंडू चांगला.

वायुमापक

जुनागोली यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून राहिलेला भाग आता लिहितो.

चेंडू ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असताना हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या तीनचतुर्थांशाहून जास्त असतो, म्हणजे हवा ही गौण बाब नाही. चेंडूला लगटून जाणारा हवेचा पातळ थर कुठे सुटतो यावर हा विरोध ठरतो. पृष्ठभाग थोडा खडबडीत असेल तर तो थर लवकर खवळतो, चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो आणि मागची पोकळी अरुंद होते, त्यामुळे विरोध घटतो. गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात ते याच कारणाने. फुटबॉलमध्ये हे काम शिवणीच्या खाचा करतात.

या बदलाचा एक ठरावीक वेग असतो आणि त्याच्या आसपास चेंडू लहरी होतो. फिरत नसलेल्या चेंडूच्या एका बाजूला शिवण आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत भाग आला की दोन्हीकडची हवा वेगवेगळ्या जागी सुटते आणि चेंडू बाजूला ओढला जातो. नासाच्या एम्स केंद्रातल्या रबींद्र मेहता यांनी क्रिकेटच्या चेंडूच्या स्विंगवर मोठे काम केले आहे. त्यांच्या गटाने जाबुलानीची तपासणी केली तेव्हा हा लहरीपणा ताशी 80 किलोमीटरच्या आसपास आढळला. फ्री किक त्याच वेगाने निघते. 2014 च्या विश्वचषकाच्या ब्राझुका चेंडूला तर सहाच तुकडे होते, पण त्यांची नागमोडी शिवण जाबुलानीपेक्षा सुमारे 60 टक्के लांब होती आणि खाचाही खोल होत्या, त्यामुळे त्याचा लहरीपणा ताशी 50 किलोमीटरच्या आसपास खाली गेला आणि जोरदार किकच्या वाटेतून निघून गेला. म्हणजे तुकडे किती आहेत यापेक्षा शिवण एकूण किती लांब आणि किती खोल आहे याला महत्त्व आहे.

आता आपला जुना 32 तुकड्यांचा चेंडू घ्या. बारा पंचकोन, वीस षट्कोन, एकूण नव्वद कडा. पाच नंबरच्या चेंडूत प्रत्येक कड साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेर असते, म्हणजे एकूण शिवण चार मीटरच्या घरात गेली. जाबुलानीत ती दोन मीटरच्या आसपास होती. मुलांच्या किकच्या वेगाचा विचार केला तर 32 तुकड्यांच्या हातशिलाईच्या चेंडूपेक्षा भरवशाचा चेंडू तुम्हाला मिळणार नाही.

जुनागोली

आठ तुकड्यांच्या चेंडूचे कोडे असे शिवणीवर येऊन सुटेल याची मला कल्पना नव्हती. धन्यवाद. एक भर घालतो. हा 32 तुकड्यांचा चेंडू 1962 साली डेन्मार्कच्या आयगिल निल्सन यांनी आणला आणि ते स्वतः त्यांच्या राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक होते. 1970 च्या विश्वचषकाच्या टेलस्टार चेंडूवर पंचकोन काळे केले गेले ते कृष्णधवल दूरचित्रवाणीवर चेंडू उठून दिसावा म्हणून. त्या काळ्या पंचकोनांचा गोलरक्षकालाही उपयोग होतो, कारण चेंडू फिरतोय की नाही ते लगेच दिसते. पंचगंगाकाठ, चेंडू पूर्ण पांढरा घेऊ नका.

सुईदोरा

माझी हयात क्रीडासाहित्याच्या धंद्यात गेली. पूर्वी सियालकोट हे या धंद्याचे घर होते. फाळणीनंतर तिथले बरेच कारागीर जालंधरला आले आणि मीरतमध्येही हे काम वाढले, म्हणून तुमचा कारखानदार जालंधरचा असणे स्वाभाविक आहे. त्याच्याशी बोलताना खालील गोष्टी तोंडी न ठेवता कागदावर घ्या.

ब्लॅडर दोन प्रकारचे असतात. ब्युटाइलचा ब्लॅडर हवा आठवडेच्या आठवडे धरतो, पण पायाला थोडा कडक लागतो. लॅटेक्सचा मऊ आणि जिवंत असतो, उसळी छान देतो, पण एक-दोन दिवसांत हवा सोडतो. आवरण पीव्हीसीचे असेल तर ते स्वस्त पडते, पण थंडीत कडक होते आणि पुढे तडकते. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) आवरण आणि त्याखाली फोमचा पातळ थर, ही अनवाणी पायांसाठी योग्य जोडी आहे. या दोहोंच्या आत कापडाचे अस्तर असते. त्याचे पदर वाढवले की आकार टिकतो आणि चेंडू कडकही होतो. चार पदर सामन्याच्या चेंडूला ठीक आहेत, तुम्ही तीन सांगा.

उष्णतेने जोडलेल्या चेंडूचा विचार सोडून द्या. त्याला तुकड्यागणिक साचे आणि वेगळे यंत्र लागते, ते चाळीस चेंडूंसाठी परवडणार नाही. शिवाय तो एकदा फाटला की संपला. हातशिलाईच्या चेंडूची शिवण उसवून ब्लॅडर बदलता येतो आणि गावातला चांगला चांभारही मेणाच्या दोऱ्याने तो पुन्हा शिवू शकतो. तुमच्या उसवलेल्या सहा चेंडूंत ब्लॅडर शाबूत असतील तर ते टाकू नका.

आणखी एक. वॉल्व्हचे वजन असते, म्हणून चांगल्या ब्लॅडरला विरुद्ध बाजूला तेवढ्याच वजनाची चकती लावतात. ती नसली तर चेंडू हवेत हेलकावे खातो. तपासायची युक्ती सोपी आहे. घंगाळात पाणी भरून चेंडू त्यावर सोडा आणि हलकेच फिरवा. दर वेळी वॉल्व्ह खालीच येऊन थांबत असेल तर तो चेंडू परत पाठवा.

अश्विनी_मध्यरक्षक

घंगाळाची युक्ती आजच करून पाहिली. घरातले तीनपैकी दोन चेंडू नापास!

मडगांवकर

आमच्याकडे भरती ओसरली की ओल्या वाळूवर मुले अजूनही अनवाणी खेळतात, म्हणून हा धागा मला जवळचा वाटला. 1911 मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली तेव्हा त्यांचा एक खेळाडू सोडून बाकी सारे अनवाणी होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपला संघ 2-1 ने हरला, त्यातही बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते. तेव्हाचा चेंडू खऱ्या चामड्याचा होता, पावसात पाणी पिऊन जड होणारा. त्या चेंडूला त्या पायांनी मारणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो, पण आजच्या मुलांना तोच त्रास द्यायचे कारण नाही.

समुद्रकाठचा अनुभव म्हणून एक सांगतो. पाणी आवरणातून शिरत नाही, टाक्यांच्या छिद्रांतून शिरते आणि अस्तर भिजते. खेळ संपल्यावर चेंडू पुसून सावलीत ठेवायची सवय मुलांना लावा. उन्हात वाळवलेला चेंडू लवकर म्हातारा होतो.

कावेरी_क

मला वेगळे मत मांडायचे आहे. मी विद्यापीठ पातळीपर्यंत खेळले आणि तीही अनवाणी सुरुवात करून. आमच्या शिक्षकांनी आम्हाला जपायचे म्हणून सदैव मऊ, कमी हवेचा चेंडू दिला. पहिल्या जिल्हास्तरीय सामन्यात पूर्ण हवा भरलेला चेंडू समोर आला तेव्हा आमचे पास दुप्पट लांब जात होते आणि छातीवर घेतलेला चेंडू दोन हात पुढे उडत होता. सामना पहिल्या वीस मिनिटांतच हातचा गेला.

पायाला चेंडूची सवय लागते ही गोष्ट फार जुनी आहे. 1930 च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोणाचा चेंडू वापरायचा यावरून वाद झाला आणि पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या, उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळला गेला. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1 ने पुढे होता आणि शेवटी उरुग्वे 4-2 ने जिंकला. सारे श्रेय चेंडूला देता येणार नाही, हे मी जाणते. पण मुलांचा पाय जपताना त्यांना सामन्यासाठी परका चेंडू देऊ नका एवढेच माझे सांगणे आहे.

पंचगंगाकाठ

कावेरीताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने बघत ही मुले वाढतात, एक दिवस तिथे उतरायचे त्यांच्या मनात असते. पण पायच दुखत असेल तर मूल किक मारायलाच शिकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन्ही कसे साधावे?

शाळामास्तर

दाबाने साधावे. मी विज्ञान शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नियमानुसार चेंडूतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 0.6 ते 1.1 वातावरण इतका जास्त चालतो. म्हणजे वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि एकच चेंडू या दोन टोकांना दोन वेगळे चेंडू असल्यासारखा वागतो. सायकलच्या दुकानात अंगठ्याने दाबून हवा भरून आणण्यापेक्षा दाबमापक असलेला पंप घ्या. लहान मुलांना 0.6 ने सुरुवात करा, महिन्या-दोन महिन्यांनी थोडा वाढवा आणि सामन्याआधीचे तीन आठवडे आयोजक ठेवतात तेवढ्या दाबावर खेळवा. कावेरीताईंना मिळाला नाही तो सराव असा मिळेल आणि चेंडू बदलावा लागणार नाही.

दाब सकाळी आणि दुपारी सारखा राहत नाही, हेही लक्षात ठेवा. जानेवारीत पहाटे 15 अंशांना 0.8 वर भरलेला चेंडू उन्हात तापून 45 अंशांना पोचला तर आतला दाब जवळपास 1.0 होतो. मुले म्हणतात की दुपारी चेंडू दगड होतो, ते खरेच असते. म्हणून दाब मैदानावर, खेळण्याच्या वेळी मोजावा.

पाचनंबरी

मास्तर, उंचीचाही परिणाम होतो ना? जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटरवर आहे आणि जाबुलानीच्या तक्रारींत विरळ हवेचाही वाटा होता असे मला वाटते.

वायुमापक

होतो. हवा विरळ असली की विरोध कमी होतो आणि फिरणारा चेंडू वळतोही कमी. 1997 मध्ये फ्रान्सविरुद्ध रॉबेर्तो कार्लोसने सुमारे 35 मीटरवरून मारलेली फ्री किक भिंतीला बाहेरून वळसा घालून आत आली. मेक्सिको सिटीच्या उंचीवर तीच किक इतकी वळली नसती. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हा फरक थोडा असतो. पंचगंगाकाठ यांनी त्याची चिंता करू नये.

ब्रेमेनवासी

2026 च्या विश्वचषकासाठीच्या ट्रायोंडा चेंडूला चारच तुकडे आहेत, पण त्यांच्या जोडाच्या खाचा मुद्दाम खोल ठेवल्या आहेत आणि पृष्ठभागावर आणखी रेषा कोरल्या आहेत. 2022 च्या विश्वचषकाच्या अल रिहला चेंडूमध्ये हालचाल टिपणारा संवेदक मध्यभागी टांगलेला होता, तो आता एका तुकड्याच्या आत बसवून बाकीच्या तुकड्यांत समतोलासाठी वजने ठेवली आहेत. सुईदोरा यांनी सांगितलेली वॉल्व्हसमोरची चकती आणि ही वजने एकाच विचाराची आहेत, हे वाचून फार आनंद झाला.

पंचगंगाकाठ

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण कारखानदाराने दोन नमुने पाठवले आणि आम्ही ते नीट तपासले.

दोन्ही 32 तुकड्यांचे, हातशिलाईचे, पाच नंबरचे. पहिल्यात ब्युटाइल ब्लॅडर, चार पदरी अस्तर आणि पीव्हीसी. दुसऱ्यात लॅटेक्स ब्लॅडर, तीन पदरी अस्तर, फोम आणि पीयू. घंगाळाची परीक्षा दोन्ही उत्तीर्ण झाले. उसळीसाठी फिफाच्या तपासणीत चेंडू दोन मीटरवरून पोलादी पट्टीवर टाकतात आणि वरच्या दर्जाच्या चेंडूला 135 ते 155 सेंटिमीटर उसळी लागते. आमच्याकडे पोलादी पट्टी नाही, म्हणून व्हरांड्यातल्या फरशीवर टाकला आणि भिंतीवर खडूने खुणा केल्या. दोघांत बोटभराचाच फरक निघाला.

खरा फरक गुलालाने दाखवला. दोन्ही चेंडू 0.7 वर भरले, मुलांच्या पावलांना ओला गुलाल लावला आणि एकेक किक मारायला सांगितली. पहिल्या चेंडूवर पावलाच्या उंचवट्याची चिंचोळी, गडद पट्टी उमटली. दुसऱ्यावर बोटांच्या मुळांपासून घोट्याच्या खालपर्यंत रुंद, फिकट छाप आली. वायुमापक यांनी लिहिलेले संपर्काचे क्षेत्र मुलांना लाल रंगात समोर दिसले. नंतर पहिला चेंडू 1.0 वर नेला तर पट्टी आणखी बारीक झाली आणि सातवीतला एक मुलगा पाय चोळत बसला. नववीतली एक मुलगी दुसऱ्या चेंडूबद्दल म्हणाली, "सर, ह्यो पायाला चिकटून मग सुटतोय."

अडचण एकच. लॅटेक्सचा चेंडू संध्याकाळी 0.7 वर ठेवला की दुसऱ्या दिवशी अंगठ्याने सहज दबतो.

सुईदोरा

ती अडचण नव्हे, लॅटेक्सचा स्वभाव आहे. रोज हवा भरायची तयारी नसेल तर आवरण, फोम आणि अस्तर दुसऱ्या नमुन्याचे ठेवून आत ब्युटाइल घाला. पायाला मिळणाऱ्या मऊपणाचा मोठा भाग फोम आणि पीयूमधून येतो. अर्धे असे, अर्धे तसे घेतले तरी हरकत नाही. रोज सुई घालताना ती कोरडी घालू नका, थुंकी किंवा ग्लिसरीन लावा, नाहीतर वॉल्व्ह महिनाभरात गळू लागेल.

कावेरी_क

ब्युटाइलचे चेंडू मोठ्या मुलांना आणि सामन्याच्या सरावाला, लॅटेक्सचे नवशिक्यांना अशी वाटणी केलीत तर माझी हरकत पूर्ण मिटते.

पंचगंगाकाठ

तशीच मागणी आज पाठवली. वीस चेंडू चार नंबरचे, लॅटेक्स ब्लॅडरचे. वीस पाच नंबरचे, ब्युटाइलचे. सगळे 32 तुकड्यांचे, तीन पदरी अस्तराचे, पीयूखाली फोम असलेले आणि जुनागोलींच्या सांगण्यावरून काळ्या पंचकोनांचे. दाबमापकाचा पंप आणि डझनभर सुया वेगळ्या मागवल्या आहेत. हवा भरून वहीत दाब लिहायचे काम आठवीच्या दोन मुलींनी स्वतःहून मागून घेतले. जुन्या सहा चेंडूंपैकी चारांचे ब्लॅडर शाबूत निघाले, ते शिवायला दिले आहेत.

अश्विनी_मध्यरक्षक

खेप आली की घंगाळाचा निकाल इथे नक्की लिहा.